मोहरीएवढी अक्षरं

३ फेब्रुवारी, सकाळ
हरिणीनं नवा स्क्रीन आणला. खिडकीएवढा! नात माझी हुशार. कॉम्प्युटरवर बटण कुठे, अक्षर केवढं, हे कंपनीला तीच आखून देते. पण अक्षरं? मोहरी! संताप आला. विचारलं तर म्हणे, आज्जी, ह्यात ठिपके जास्त, म्हणून अक्षर बारीक. मला शिकवते! दारातल्या कोलमच्या रांगोळीत ठिपके वाढवले की कोलम मोठाच होतो.
वर म्हणे, दोष तुझ्या डोळ्यांत, शुक्रवारी डॉक्टर. माझा स्क्रीन वाचून दाखवलास तर रद्द करते.
वाचणारच. माझे डोळे लख्ख आहेत. काल भातात खडा निघाला तो दुकानदाराचा.

४ फेब्रुवारी
हरिणीनं अक्षर मोठं करायची बटणं दाखवली. दाबली. अक्षर अप्पमएवढं झालं, तरी धूसरच. शाई पातळ वापरली असणार. ती हसत सुटली, म्हणे स्क्रीनला शाई नसते. मग धूळ. ओल्या फडक्यानं पुसला. त्यावरून सून महालक्ष्मी केवढी ओरडली! उपकाराचं नावच नाही ह्या घरात.

५ फेब्रुवारी, दुपार
आज वाचायचं होतं. अक्षर आणखी फुगवलं. हरिणी म्हणे, आता ‘पुढे’चं बटण शोध. शोधते कुठून? अक्षरांनी ढकलून स्क्रीनबाहेर घालवलं होतं! हरिणी साहेबांना फोन करून म्हणाली, फाँट वाढवला की बटण पळतं, चूक माझीच.
जिंकले! शेजारच्या कामाक्षीला जाऊन सांगितलं, कंपनीची चूक मी पकडली.
परत येते तर हरिणीनं बटण जागेवर आणलेलं. म्हणे, शाब्बास आज्जी, आता वाच. मी म्हटलं, दिवा लावायची वेळ झाली. म्हणे, दुपारी तीनला? उद्धट कार्टी. डॉक्टर रद्द केला नाहीच.

६ फेब्रुवारी
दवाखाना. भिंतीवर तमिळ अक्षरांचा तक्ता. मी ठणकावलं, आमच्या घरची लिपी मराठी, तमिळ मला येत नाही. (बसच्या पाट्या वाचते, ते वेगळं.) अख्ख्या तंजावुरात मराठी तक्ता आणतोय कुठून! हरिणीनं कपाळाला हात लावला. मी खूश.
डॉक्टर शांतपणे म्हणे, उत्तरेकडचे यात्रेकरू येतात, त्यांच्यासाठी हिंदी तक्ता आहे, अक्षरं तीच ना अम्मा? आणि तमिळ तक्ता काढून आत गेला.
घाबरते की काय! पाऊल वाजलं तशी भिंतीकडे बघून खणखणीत वाचलं: क.
हरिणी कानाशी येऊन म्हणे, आज्जी, तक्ता अजून त्यांच्या हातातच आहे.

सोमवारी ऑपरेशन.