उजवीकडची फेरी

मंगळवार, पाचगणी

आज राणीला चाबूक मारला. दुडक्या चालीत तिचं अंग मोकळं करत होतो, तर उजवीकडे वळेचना. घोडेस्वारी शिकायला आलेल्या मुली बघत होत्या. "हट्टी घोडी आहे," मी त्यांना म्हणालो आणि मारला.

उतरल्यावर मोतद्दार म्हादूअण्णा लगाम धरत हळूच म्हणाले, "आवं सर, तुमचा उजवा गुडघा दुखाय लागल्यापास्नं तुमी तिला डावीकडंच फिरवताय. उजवीकडं ती वळंल कशी?"

खरंच की. वर्षभर मी गुडघा जपला आणि घोडी आखडली. लष्करात घोड्यांवर आयुष्य काढलेला मी. अण्णांना काय म्हणालो? "पाणी दाखवा तिला." एवढंच.

जाताना एक मुलगी राणीच्या मानेवर थोपटून म्हणाली, "हट्टी कुठली." मी ऐकलं. चाबूक हातातच होता.