पावडीखालची घंटी

नंदनवन, नागपूर
११ ऑगस्ट १९८५

चि. सौ. कौशल्या हिस,
शालिकरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बापूंचं छातीचं दुखणं आता आटोक्यात आहे, पण डॉक्टरांनी हातमागावर बसायची साफ मनाई केली आहे. या वयात दिवसभर पायाने पावड्या दाबल्या तर दुसरा झटका यायला वेळ लागणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आपल्या वडिलांना तू ओळखतेसच. खालच्या मागच्या खोलीत मागाला लागूनच त्यांची खाट, मग पाय कसे गप्प राहतील? मी वर माझ्या रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत बुडालेला. इंदू घरच्या रीतीप्रमाणे सासऱ्यासमोर पदर ओढून उंबऱ्यात ताट ठेवते आणि परत फिरते. त्यांना हटकणार कोण?

म्हणून एक शक्कल लढवली. मागाच्या पावडीखाली स्विच बसवला आणि तार वर माझ्या टेबलापर्यंत आणली. त्यांचा पाय पडला की माझ्याकडे घंटी वाजते आणि मी खाली जाऊन त्यांना उठवतो. बापूंना सांगूनच बसवलं. फार चिडले. मले काय बैल समजतं काय गा, घंटी बांधून राहिला, म्हणाले.

परवा एका मासिकात वाचलं की येत्या पंचवीस-तीस वर्षांत घरातली वस्तू न् वस्तू एकमेकींशी बोलू लागेल. पंखा, पंप, पलंग, माणसाची नाडीसुद्धा. तू उमरेडला बसल्या बसल्या बापूंचा श्वास पाहशील, कुणी जाऊन विचारपूस करायची गरजच उरणार नाही. माझी घंटी ही त्याची सुरुवात समज. हसू नकोस.

जावईबापूंना नमस्कार. आहे तशी माया राहू दे.

तुझा,
शालिकदादा


उमरेड
१८ ऑगस्ट १९८५

ती. शालिकदादास,
कौशल्याचा सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालास, म्हणून आधी पोटभर हसून घेतलं. वस्तू बोलायला लागल्या तर माझी धडगत नाही रे. वरणात मीठ नाही हे पातेलंच सासूबाईंना जाऊन सांगेल! त्या अंथरुणाला खिळल्यापासून मला एक रात्रही घर सोडता येत नाही, नाहीतर कधीच नागपूरची गाडी धरली असती.

पण दादा, हसून झाल्यावर जरा भीती वाटली. तुझी घंटी वाजली की तू खाली जाणार, हे ठीक. वाजली नाही तर? बापूंनी शहाण्यासारखं डॉक्टरांचं ऐकलं तर त्यांना तुझं तोंडही दिसायचं नाही. आई गेल्यापासून त्यांच्याशी बोलायला कोण आहे? दिवसातून एकदा बिनाघंटीचा त्यांच्या खाटेवर जाऊन बसत जा. बापूंनाही वेगळं कार्ड टाकलं आहे. त्यात काय लिहिलं ते विचारू नकोस, ते बापलेकीचं आहे.

वहिनीला नमस्कार. या धाकटीवर जीव आहे तो असाच ठेव.

तुझी,
कौशल्या


नंदनवन
९ सप्टेंबर

चि. कौशल्येले देवरावचे आशीर्वाद.

तुही शक्कल लागू पडली वं पोरी. मागावर सूत नाही, काही नाही. मी नुसता जाऊन बसतो, पावडी एकडाव दाबतो, का शालिक धडधड जिना उतरून येते. आधी रागावते. मग खाटेवर बसते, च्या मागवते. काल त्यानं मले टीवीत चित्र कसं येते ते सांगतलं. मले काही समजलं नाही, पण मी हो हो करत राहिलो, म्हंजे तो उठत नाही. तू फिकर नको करू, एकडाव पाय दाबल्यानं काही होत नाही. त्याले सांगू नको. तुह्या सासूले आराम पडो.

तुहा बापू


नंदनवन, नागपूर
४ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. कौशल्या हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बापूंपुढे मी हात टेकले. आधी दिवसातून एकदा घंटी वाजायची, आता सकाळ नाही, दुपार नाही. हातातली सोल्डरिंगची कांडी टाकून धावतो, तर हे मागावर बसलेले. ओरडलो तर लहान पोरासारखे हसतात. दिवाळी तोंडावर आली, दुरुस्तीला आलेल्या टीव्हींनी खोली भरली आहे आणि गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडताहेत. त्यात एखाद्या दिवशी हे मागावरच कोसळतील, या भीतीने जेवण गोड लागत नाही.

शेवटी ठरवलं. गोळीबार चौकातले चंपतराव माग खोलून न्यायला तयार आहेत. दसऱ्यानंतर येतील. माग नसला म्हणजे घंटीही नको आणि कटकटही नको. बापूंना अजून सांगितलं नाही. तूही कळवू नकोस.

जास्त काय लिहू? तुझी माया असू दे.

शालिकदादा


उमरेड
८ ऑक्टोबर १९८५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हात जोडते, चंपतरावांना येऊ देऊ नकोस. माग गेला तर बापू त्या पावड्यांच्या रिकाम्या खड्ड्याकडे बघत बसतील आणि तसेच जातील.

खरं सांगते, मग काय रागवायचं ते रागव. बापू विणत नाहीत. मागावर एक धागाही चढवलेला नाही, नीट बघ म्हणजे दिसेल. हे माझं कारस्थान आहे. मीच त्यांना लिहिलं होतं की दादाला खाली बोलवायचं असेल तर पावडीवर पाय ठेवा. थट्टेत लिहिलं, त्यांनी खरंच केलं. दादा, त्यांना तू हवा आहेस एवढंच. दहा मिनिटं बसत जा, घंटी आपोआप कमी होईल.

तुझी लबाड बहीण,
कौशल्या


नंदनवन, नागपूर
१४ ऑक्टोबर १९८५

चि. सौ. कौशल्या हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

वेडे, आधी का नाही सांगितलंस! पत्र वाचून मी आणि इंदू हसून हसून बेजार झालो. डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं. चंपतरावांना नाही म्हणून कळवलं, माग आता कुठे जात नाही.

विणत नाहीत म्हटल्यावर धोका नाही आणि घंटीची गरजही नाही. माझ्या टेबलाजवळची तार काढून ठेवली. बापूंना मात्र सांगितलं नाही. उगाच मन मोडायचं. दाबू देत बिचारे पावडी, त्यांचा खेळ चालू राहू दे. दिवाळीची गर्दी ओसरली की रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसेन, तुझी शप्पथ.

भाऊबीजेला सासूबाईंची काही सोय लागली तर ये. वाट पाहतो.

शालिकदादा


नंदनवन
६ नोव्हेंबर

चि. कौशल्येले आशीर्वाद.

शालिकले काम फार आहे. पावडी दाबतो, पण तो येत नाही. पयले वाटलं रागावला, पण मंगळवारी जिन्यात भेटला तं हासला. म्हंजे रागावला नाही. घंटी आयकून बी येत नाही, तं त्याले खरंच टाइम नसंल. मी बी मग जास्त दाबत नाही. दोन दिवसांपासून छातीत भरल्यावानी वाटून राहिलं. एवढ्या तेवढ्यासाठी त्याले काहून उठवू? फारच झालं तं दाबीन, तेव्हा येईन तो.

बापू


उमरेड
३ डिसेंबर १९८५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बापूंचं तेरावं आटोपून घरी आले, तर त्यांचं कार्ड आलेलं होतं. तुझी तार मिळून सासूबाईंना ह्यांच्यावर सोपवून मी नागपूरला निघाले त्याच दुपारी ते आलं. ह्यांनी जपून ठेवलं होतं. तुला पाठवावं की नाही, आठवडाभर ठरत नव्हतं. पाठवत नाही. पण त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की वर घंटी वाजते आहे आणि तू ऐकतो आहेस, हे मला एकटीला पेलवत नाही, म्हणून लिहिते आहे.

वहिनीनेही मला सगळं सांगितलं. दुपारी ताट ठेवायला गेली तेव्हा सासरे मागावर पाठमोरे बसलेले होते, मान खाली घालून. तिला वाटलं, खेळ चालला आहे. रीत सोडून ती आत कशी जाणार? संध्याकाळी ताट तसंच झाकलेलं दिसलं तेव्हा तिने तुला हाक मारली. पाय पावडीवर दाबलेलाच होता, असं म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. तिच्यावर एका शब्दाने रागावू नकोस.

मला तुझा राग येतो दादा, फार येतो. मग आठवतं, मी कारस्थान फोडलं म्हणून तू तार काढलीस. माग वाचवायला गेले मी. गप्प बसले असते तर माग गेला असता, बापू कदाचित राहिले असते. आता माग आहे.

काही लिहू नकोस म्हणत नाही. पण समजूत घालू नकोस.

कौशल्या


नंदनवन, नागपूर
१९ जानेवारी १९८६

चि. सौ. कौशल्या हिस,
आशीर्वाद. वि. वि.

दीड महिना कागद पुढे घेऊन बसत होतो. समजूत घालत नाही, माझ्याजवळ ती नाहीच. बापू गेले त्या दिवशी दिवसभर मी टेबलाशीच होतो. जिना उतरायचा तेवढा राहिला.

तुला कळवायचं ते वेगळंच आहे. वाडीला गोदामं असलेले गुलाबचंद भेटायला आले होते. बापूंच्या घंटीबद्दल त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यांची म्हातारी आई घराच्या मागच्या खोलीत एकटीच असते, तिच्या खाटेला तशीच घंटी लावून द्या म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांना बापूंचं सगळं सांगितलं, तार काढली तेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, डोळेही पुसले. उठताना म्हणाले, आपण तार नाही काढणार शालिकरामजी, फक्त मध्ये घंटी बंद करायचं एक बटन लगा देना, घरी पाहुणे बसलेले असतात.

मी लावून दिली, बटणासकट. का दिली ते माझं मलाच सांगता येत नाही. मी दिली नसती तर दुसऱ्या कुणी दिली असती, असं इंदूला म्हणालो. या आठवड्यात आणखी दोघं विचारायला आले, एक नंदनवनातले, एक काटोलचे. घंटीचा आवाज केवढा, तार किती लांब जाते, हे त्यांनी नंतर विचारलं. आधी दोघांनीही बटणाचं विचारलं.

राग धरून राहा, पण लिहीत राहा.

शालिकराम