हेलियम एकटा काहून?

१२ जानेवारी, रविवार

आज विज्ञान. आचलनं भिंतीवर खडूनं सात नावं लिहून देली – हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. "आई, हे सातजन जोडीनंच राहतात. दोन अणूंचा एक रेणू. पाठ कर."

बारावीतली लेक सदतीस वर्षांच्या मायले शिकवून राहिली! मी आठवीतून शाळा सोडली होती. आता बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, मार्चात दहावी. आचलचे बाबा तेव्हा म्हणाले होते, "शीक नं, कोन नाई म्हनते?" रोज थोडं लिहायचं, हेही आचलनंच सांगितलं. अक्षर सुधरते म्हणे.

१५ जानेवारी

पाठ झालं. इतवारा बाजारात भाजीच्या दुकानावर सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता म्हणत होती. एका गिऱ्हाइकानं विचारलं – "मंत्र म्हनता का बाई?"

१९ जानेवारी

आचलनं तोंडी परीक्षा घेतली. हायड्रोजन? जोडी. ऑक्सिजन? जोडी. हेलियम? म्हटलं, जोडी! निऑन? जोडी! वायू म्हटला की जोडीनंच राहत असन, मले वाटलं. आचल हसून हसून खाली बसली. "अवो आई, हेलियम एकटाच राहते. निऑनही."

"पन एकटा काहून? ऑक्सिजनही वायू, हेलियमही वायू. मंग त्यालेच जोडीदार काहून नाई?" मी हात नाचवून विचारत होती अन् ती फोनमध्ये व्हिडिओ काढत होती. काढू देला. लेकच ती. माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिलेही येईना – "पुस्तकात तसंच हाय" म्हणाली.

२३ जानेवारी

कसं लिहू!

सकाळी दुकान मांडलं अन् बाजूची माणिकबाई वांग्याच्या ढिगामागून ओरडली, "चंदा, हेलियमले जोडीदार सापडला का वं?" चार-पाच जणी फिदीफिदी हसल्या. मले काही समजेना. मग तिनं फोन दाखवला. त्यात मी! पदर खोचलेला, हात नाचतात. "तुह्याच सासरच्या ग्रुपवरून फिरून राहिला," म्हणाली. माझा फोन साधा, मले काय दिसते!

आलेला माल तिच्या भरवशावर टाकून घरी आली. आचल कॉलेजातून आल्यावर विचारलं. "मी नाई टाकला, आई."

"काढला तू. फोन तुहा."

"आई, ऐक तं –"

नाई ऐकलं. थापड मारली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. हसली तेव्हाच समजाले पाहिजे होतं मले. शिकवत नव्हती, तमाशा पाहत होती पोरगी.

२४ जानेवारी

भिंतीवरचं पुसलं. आचल बोलत नाई. मीही नाई.

२६ जानेवारी

आचलचे बाबा आज जवळ येऊन बसले. किती महिन्यांनी! "राहू दे आता," म्हणाले. "कायले डोक्याले ताप? पोटची पोरगी हसली, तं बाहेरचे हसनच. तू आपलं दुकान पाह्य." त्यांच्यापुढं पोटभर रडून घेतलं. घरात एक माणूस तरी आपल्या बाजूनं आहे.

पुस्तकं पेटीत टाकली.

३ फेब्रुवारी

नत्थुजी गुरुजी कढीपत्ता घ्यायले आले. रिटायर झाले, पण चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं त्यांनी. त्यांनीही तो व्हिडिओ पाहिला होता! मी मान खाली घालून कढीपत्ता बांधून देला.

"उत्तर चुकलं तुमचं, चंदाबाई. पन प्रश्न बरोबर होता. एकटा काहून, हे माह्या वर्गात कोन्या पोट्ट्यानं कधी विचारलं नाई. सारे पाठ करत."

मग तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. हेलियमच्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात, अन् त्याच्याजवळ दोन आहेतच. त्याले कोणाकडून काही लागत नाई. हायड्रोजनजवळ एकच, म्हणून तो दुसऱ्या हायड्रोजनसोबत भागीदारी करते – दोघांचं भागते.

"मंग निऑनचीही बाहेरची कक्षा भरलेली असन?" मी म्हटलं.

"आठ मावतात, आठ हायेत. पाहा, आलं तुमाले!"

आलं! पाठ न करता आलं! घरी पळत जाऊन सांगावंसं वाटलं. कोणाले सांगणार? सांगायची तिलेच. तिनंच तर असं केलं.

७ फेब्रुवारी

पुस्तकं पेटीतून काढली. आचलचे बाबा दारात उभे राहून पाहत होते. "हौस फिटली नाई का अजून?" इतकंच बोलले, बाहेर गेले. माझीच काळजी असन.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी बडनेऱ्याची थोरली जाऊ भागीरथा आली. हसत हसत फोन पुढं धरला – "अजून हाय पाह्य वं तुहा सिनेमा." मी पहिल्यांदाच नीट वाचलं. पाठवणाऱ्याचं नाव – गजेंद्र भाऊजी. आचलचे बाबा! खाली त्यांनीच लिहिलेलं: "आमची मास्तरीन. सारे मिळून हसा, म्हंजे शिकनं बंद होईन." आचलनं त्यांनाच पाठवला असन, आई कशी शिकते ते दाखवाले.

आता घरी आहेत. चहा मागून राहिले. टाकला नाई.

आचल साडेपाचच्या बसनं येते. मी थांब्यावर चालली.