सनईतली टिटवी

७ मार्च १९५६, रावेर
जळगावला सनईच्या फुंकायच्या पत्त्या आणायला गेलो आणि पत्त्या न घेताच परत आलो. घड्याळजीच्या दुकानात रेडिओ चालू होता. चिनी वादकांचं वादन. सनईच ती, पण पितळी तोंडाची, आवाज खणखणीत. आणि तीत पाखरं! एक नाही, दोन नाही, अख्खं रान. निवेदक हिंदीत म्हणाला, सगळी पाखरं आपल्या राजाला भेटायला जमतात अशी कल्पना आहे, तिकडे खेड्यापाड्यांत वाजवतात. मी पायरीवर उभाच. गाडी निघून गेली.
बावीस वर्षं लग्नं वाजवतोय. कधी एक चिमणी काढली नाही. जळफळाट झाला, खरं ते लिहितो.

१० मार्च
नानांना सांगितलं. नाना म्हणजे हिचे थोरले भाऊ, माझ्या सनईला सांबळ त्यांचाच. म्हणाले, सनई देवाची आणि लग्नाची, तीत कावळे कशाला कोंबतोस? मी म्हटलं, चीनमध्ये कोंबतात. म्हणाले, मग चीनला जा.
मंजी मात्र खूश. पोरगी लहानपणापासून केळीच्या बागेत चारा आणायला जाते, सगळी पाखरं तिच्या ओळखीची. तोंडाने आवाजही काढते. आजपासून लेक मास्तर, बाप विद्यार्थी. पहिली साळुंकी शेळीसारखी निघाली. दोघं पोट धरधरून हसलो.

१४ मार्च
होला जमला. साळुंकी बरी. पोपट नाही. मंजी म्हणाली, "आबा, पोपट घाईत असतो. तुम्ही जेवण झाल्यासारखे वाजवता."
दोंडाईच्याहून निरोप. मुलगा जिनिंगमध्ये फिटर. रविवारी पाहायला येणार. मंजीने त्याला गेल्या वर्षी आमच्या भाचीच्या लग्नात पाहिलंय. सगळी पंगतीकडे पळाली तेव्हा हा एकटाच माझी सनई ऐकत बसला होता. मला तेवढ्यावरच पसंत. मंजी दिवसभर गुणगुणत होती. म्हणजे तिलाही.

१७ मार्च
टिटवी जमली! अगदी हुबेहूब. विहिरीवर वाजवली तर शेजारच्या म्हातारीने आकाशाकडे पाहून हात जोडले. आमची ही चिडली. अशुभ पाखरू घरात आणू नका म्हणाली. म्हटलं, घरात कुठे, विहिरीवर आहे.

१८ मार्च, रविवार
काय लिहू. तोंड काळं केलं.
पाहुणे दुपारी येणार होते. मी म्हटलं तेवढ्यात विहिरीवर बसून थोडी फुंकून घेऊ. ते सकाळीच आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या. आत्याला सगळे अक्का म्हणतात, त्या घरात तिचाच शब्द चालतो. अक्काने उंबऱ्यावर उजवा पाय ठेवला आणि मागून माझी टिटवी ओरडली.
पाय मागे घेतला. पाण्याचा थेंबही न घेता मारुतीच्या पारावर जाऊन बसली. ही धावत विहिरीवर आली, मला पाहून कपाळावर हात मारला. मी पारावर गेलो. सांगायला तोंड उघडलं, पण काय सांगणार? पाहुणे दारात असताना मुलीचा बाप विहिरीवर टिटवी होऊन ओरडत होता? गप्प बसलो. ते दहाच्या मोटारीने निघून गेले. मुलगा मागे वळून वळून पाहत होता.

१९ मार्च
ही पाठ करून बसली आहे. मंजीने भाकरी वाढली आणि चाऱ्याला निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.
नाना म्हणाले, लाज तुझी आणि लग्न पोरीचं, त्यातलं मोठं काय ते ठरव.

२२ मार्च, दोंडाईचा
नानांना घेऊन आलो. पिशवीत सनई. ओसरीवर सगळ्यांसमोर कबूल केलं. अक्काला पटेना. टिटवी काय तिला ओळखू येत नाही? मग वाजवली. गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मुलाचे वडील इतके हसले की उपरणं तोंडाला लावावं लागलं. मुलगा म्हणाला, अजून एकदा.
अक्का हसली नाही. म्हणाली, "टिटवी मानूसनी काढी का पाखरूनी, उंबरावर वरडनी ती वरडनी. आते तठेच भारद्वाज बोलाले पाहिजे."
म्हणजे टिटवी कुणीही काढलेली असो, तिथेच भारद्वाजाचा शकुन झाला तरच ती उंबरा ओलांडणार. साखरपुडा १५ एप्रिलला, आमच्या दारात. मी ऐटीत हो म्हणून बसलो. परतताना गाडीत नाना म्हणाले, भारद्वाज येतो का रे तुला? नाही येत.

२ एप्रिल
येत नाहीच. त्याचा आवाज खोल, पोटातून, कुप् कुप् कुप्. सनई उंच बोलणारी बाई, तिला तो कुठून काढायचा? जाड पत्ती लावली, ओली करून पाहिली. उचकी लागल्यासारखं वाजतं. मंजी रोज ऐकते, आता हसत नाही.

१५ एप्रिल
आले. अक्का उंबऱ्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभी. बायका आरती घेऊन खोळंबलेल्या. सनई उचलली, पत्ती अजून तोंडात कोरडीच. आणि तेवढ्यात विहिरीकडून... कुप् कुप् कुप् कुप्. भरदार, घुमणारा, थेट.
अक्काने माझ्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे. पाय आत टाकला. म्हणाली, "हाऊ खरा. लगीनना दिवशी परत पाहिजे."
सगळ्यांना वाटलं माझीच काहीतरी करामत. मी यावेळीही गप्प बसलो. पेढा तोंडात होता म्हणून सोपं गेलं.
पाखरांचा राजा आला एकदाचा. आनंद एवढा झाला की नानांना मिठी मारली.

संध्याकाळी विहिरीवर जाऊन पाहिलं. चिंचेवर भारद्वाज नव्हता. काठावर आमची तांब्याची घागर पडलेली, तळाशी थोडं पाणी. मंजीला विचारलं, तू कुठे होतीस गं तेव्हा? म्हणाली, साडी नेसत होते. साडीच्या पदराला शेवाळ कसं लागलं ते विचारलं नाही.

१७ एप्रिल
लग्न ९ मेला. त्या दिवशी मंजी अंतरपाटामागे उभी असणार, विहिरीवर नाही. आणि अक्का बोलली ते विसरणारी नव्हे. वधूच्या बापाने सनई धरायची की नाही यावर नाना आणि ही कालपासून भांडताहेत. धरणार मी.
आज दुपारी घागर घेऊन बसलो. सनईचं तोंड आत धरून फुंकली. काहीतरी बोललं आतून. भारद्वाज नाही, पण त्याचा लांबचा भाऊबंद. पुन्हा फुंकली. घशात अडकल्यासारखं.
मंजी आत भाकरी थापत होती. थापणं थांबलं.
"आबा, घागर रिकामी नका ठेवू. चार बोटं पाणी घाला."