आकाराम मेस्त्रीचं खातं

८ सप्टेंबर

पोहोचलो एकदाचा. शिरोली एमआयडीसीतल्या या फाउंड्रीचे सगळे संगणक आजपासून माझ्या गळ्यात, आणि मी भलताच खुशीत आहे. नाशिकच्या ऑफिसात कोपऱ्यातला माणूस होतो, इथे आयटी म्हणजे मीच. गेटवरच्या हंबीररावांनी ओळखपत्र उलटंसुलटं करून विचारलं, पावणं, कुठलं म्हणायचं? नाशिक म्हटल्यावर, लांब हाय की, म्हणाले आणि चहा मागवला. मालक विजयसिंह तोंडाने फटकळ, पण मोकळे वाटले. हजेरीच्या यंत्रावर माझं बोट नोंदवलं. ‘यज्ञेश्वर’ अशी अक्षरं उमटली आणि दार उघडलं. फ्लॅटही झकास आहे, खिडकीतून ऊस दिसतो. इरा दसऱ्याच्या आदल्या दिवशी येणार. तोवर पाचवा महिना सरलेला असेल, मग प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टर म्हणालेत. ही वही आणि निळं पेन तिनेच दिलं. दिवसभर पडद्याकडे बघतोस, घरी आलास की चार ओळी हाताने लिही, असा हुकूम आहे. लिहितो बापडा.

१० सप्टेंबर

इथलं दुखणं कळलं. साच्यांचे नकाशे, ऑर्डरी, हजेरी, सगळं एकाच स्टोरेज बॉक्समध्ये आहे. लोखंडी कपाट, आत हार्ड डिस्कच्या रांगा. साच्यांचे नमुने घडवणाऱ्या पॅटर्न शॉपच्या संगणकांना तो अधूनमधून आतच घेत नाही. मी केबल तपासल्या, स्विच बदलला. नेटवर्कवर हाक मारली की बॉक्स ओ देतो, पण दार उघडत नाही.

दुपारी घोळ सापडला. सगळे संगणक एकाच माणसाच्या नावाने आत जातात, आकाराम मेस्त्री. एकाने पासवर्ड चुकवला की खातं बंद, आणि सगळेच बाहेर. शाळकरी चूक आहे, मला तर हसूच आलं. मग कळलं की हे मेस्त्री गेल्या खंडेनवमीला वारले.

त्या दिवशी इथे मशिनींना झेंडूच्या माळा घालतात आणि कुणी हात लावत नाही. पण ऑर्डर घाईची होती, म्हणून मालकांनी भट्टी पेटवली. माणसं कमी पडली, तेव्हा पॅटर्न शॉपचा हा मुकादम ओतकामाला गेला. लोखंडाचा रस ओतायचं मोठं भांडं, लॅडल म्हणतात त्याला, ते त्याच्या अंगावर कलंडलं. त्याची बायको धोंडुबाई आता इथेच कॅन्टिन सांभाळते. सकाळी आधी आकारामचं नाव घालून बॉक्स उघडायचा, मगच चहा घ्यायचा, अशी इथली रीत पडली आहे. मी खातं बंद करणार म्हटल्यावर हंबीररावांचा चेहरा उतरला. त्येच्या नावानं उघडतंय तवर उघडू द्या की, म्हणाले. मेलेल्या माणसाच्या नावावर कारखाना चालवायचा म्हणजे कमालच आहे.

१२ सप्टेंबर

खातं काल बंद केलं. प्रत्येकाला स्वतःचं नाव दिलं, सगळे अधिकार दिले. बॉक्स कुणालाच आत घेत नाही. मलाही नाही. नाकी नऊ आले. पॅटर्न शॉप ठप्प आहे. विजयसिंहांनी चारचौघांत सुनावलं की उद्या संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर नाशिकची गाडी धरा. बाळाच्या पाळण्यासाठी हूक बघून ठेवलाय मी त्या फ्लॅटमध्ये.

१३ सप्टेंबर

जमलं. जीव भांड्यात पडला. आकारामचं खातं पुन्हा उघडलं आणि त्याचं नाव बदलून तिथे माझं घातलं. बॉक्सला नावाचं सोयरसुतक नसतं. प्रत्येक खात्याला आत एक नंबर असतो, त्यालाच तो ओळखतो. वरची पाटी माझी, आतला माणूस तोच. बॉक्सने निमूट दार उघडलं. विजयसिंहांनी पाठ थोपटली. धोंडुबाईंनी मात्र चहा देताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

१५ सप्टेंबर

आज धोंडुबाईंच्या घरी आकारामचा म्हाळ होता. पितृपंधरवड्यात इथे गेलेल्याच्या नावाने एका माणसाला पानावर बसवतात. तो पितर. धोंडुबाई म्हणाल्या, औंदा तुम्हीच बसा, तेंच्या जागंवर आलाय न्हवं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. खीर, वडे, आमटी, पोटभर जेवलो. मग मागच्या दारी जाऊन हात धुतले. परत आलो तर बाई डोळ्याला पदर लावून बसलेल्या. मागचं दार दोन खोल्यांपलीकडे आहे, मला ते कुणी दाखवलं नव्हतं. घरी आल्यावर खिशात चुन्याची डबी निघाली. मी तंबाखू खात नाही.

१७ सप्टेंबर

हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं. ‘आकाराम’ उमटलं आणि दार उघडलं. यंत्र नावं त्या बॉक्समधूनच घेतं, तेव्हा हा माझ्याच उद्योगाचा परिणाम असणार. दुरुस्त केलं. जेवून परत आलो, पुन्हा आकाराम. हंबीरराव हसले नाहीत. उठून उभे राहिले.

२२ सप्टेंबर

घट बसले. आता हे निस्तरायलाच हवं. स्वतःसाठी नवं कोरं खातं उघडलं. बॉक्सने नाकारलं. माझं नाव त्या जुन्या खात्यावरून काढायला गेलो, अधिकार नाही म्हणतो. मीच मालक त्या बॉक्सचा, आणि मलाच अधिकार नाही.

मोबाईल माझा चेहरा ओळखेना. बोटही नाही. आकडे घालून उघडला आणि इराला फोन लावला. मी बोललो. तिने विचारलं, कोण बोलताय आपण, यज्ञेशकडे द्या ना फोन. मीच आहे म्हटलं. तिने घाबरून ठेवला. मला फार भीती वाटते आहे.

२६ सप्टेंबर

डाव्या हातावर डाग, मनगटापासून कोपरापर्यंत. भाजल्यासारखा, पण जुना. दुखत नाही.

विजयसिंहांना सांगायला गेलो. ते म्हणाले, मेस्त्री, भट्टीचं बघा, कॉम्प्युटरला माणूस बघतोय मी, नाशिकचा कोण तर येणार होता तो आलाच नाही.

सगळे मेस्त्री म्हणतात. मी ओ देतो. माझ्या आधीच तोंडातून ओ जाते—

२९ सप्टेंबर

इरा परवा येणार. तिला थांबवायला पाहिजे. फोन उघडत न्हाय, आकडे आठवत नाहीत. नंबर पाठ होता तिचा. दुसऱ्याच्या फोनवरनं लावावा तर बोटं थांबतात—

आई नाशिकला. गल्लीचं नाव—

माझं नाव यज्ञेश्वर. यज्ञेश्वर. हे रोज लिहायचं. इरा माझी बायको हाय. आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशिनींस्नी फुलं वाहिली. मालक म्हणाले, ऑर्डर हाय, भट्टी पेटवा. पेटवली. माझी गेल्या साली लॅडल अर्धी राहिलीया, ती ओतायची हाय. ह्या वहीत लिवायची सवय लागलीया, कुणाची ते आठवत न्हाय.

गेटवर कुणाची तर लेक आलीया. पोटुशी हाय. नवरा हितं कामाला हाय म्हणती, नाव कायतरी लांबडं घेती. हंबीररावानं मला इचारलं. मी म्हटलं, असल्या नावाचं हितं कोण न्हाय. ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली, मग खिशातल्या निळ्या पेनाकडं. म्हणाली, हे पेन कुठं मिळालं तुम्हाला? आन् रडाय लागली.

मी म्हटलं, चल पोरी, भट्टीकडं बघू, तितं असंल.

कॅन्टिनात पाणी पितीया. धोंडी तिला सोडंना, हात धरून बसलीया. लॅडल भरलीया. आता उठवतो तिला—

इरा जाऊ नको माझ्यामागं मी य