कौलासमोरचा पंखा

१० जानेवारी, शुक्रवार

चंदनचा सिनेमा पाहिला. कणकवलीच्या थेटरात, पहिला खेळ. चंदन म्हणजे सीतेच्या भावाचा मुलगा. तीन वर्षं या एका सिनेमापायी घरदार विसरला होता. विनोदी आहे. सीता एवढी हसली की डोळ्यांतून पाणी! माझा हात घट्ट धरून हसत होती – चारचौघांत! लग्नाला छत्तीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं.

मीही हसलो. इथे लिहून ठेवतो, कारण साप्ताहिकात लिहीन असं वाटत नाही.

११ जानेवारी, शनिवार

परीक्षण लिहायला बसलो. ‘पटतं का?’ हे माझं सदर चालू होऊन सहा वर्षं झाली. एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, निवृत्त झालो, पण चुका हेरायची खोड गेली नाही. वाचकांना तेच आवडतं. चंदनच्या सिनेमात नऊ सापडल्या. मालवणहून सुटलेली गाडी अर्ध्या तासात फोंडाघाटला! विमान आहे की काय?

पण ते किरकोळ. खरी अडचण कौलाची. मुलीचं लग्न ठरवायला देवळात कौल लावतात. गुरव पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवतो – उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी सुटायला लागते, आणि मुलगी हळूच टेबलफॅन लावते! उजवी पडते. सगळे देवाला हात जोडतात. थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी.

मी लिहिलं – “कौल लागताना आमच्याकडे माणूस श्वाससुद्धा जपून घेतो. पन्नास माणसांच्या देखत एक मुलगी पंखा लावते आणि एकालाही कळत नाही? हे अशक्य आहे. विनोदालाही काही धरबंध हवा.”

वाचून पाहिलं. बरोबर आहे. तरी आज पाठवलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

पाठवलं. सीतेला दाखवलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

छापून आलं. संपादक गुरुदास यांनी ‘अशक्य!’ एवढाच मथळा ठेवलाय, ठळक टायपात. मी तो दिला नव्हता.

सीतेने ओट्याशी उभ्यानेच वाचलं. अंक घडी घालून डब्याखाली ठेवला. जेवायला वाढलं, सोलकढी दिली, सगळं नेहमीसारखं. शेवटी एकच वाक्य – “हसलात तां खंय लिवलात?”

मी म्हटलं, हसणं वेगळं आणि परीक्षण वेगळं. तिने ताटं उचलली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी, गुरुवार

चंदनचा फोन. आवाज बसलेला. “काकानू, थेटरवालो म्हणता, उद्यापासून सकाळी नवाचो एकच खेळ. आयतवारी भरलो नाय तर काढतलो. तुमचां वाचून माणसां तिकिटाच्या खिडकेर इचारतत, बघूचो काय नको.”

रागावला नाही. रागावत नाही म्हणूनच जास्त लागतं. मी म्हटलं, अरे, माझं सदर वाचतं कोण! लगेच जीभ चावली. सहा वर्षं लोक वाचतात म्हणून मिरवतोय, आणि आज कोण वाचतं?

रविवारी रिकाम्या खुर्च्या राहिल्या तर ते माझ्यामुळेच.

१७ जानेवारी, शुक्रवार

डोक्यात तेच. चहा दोनदा गार झाला.

गेल्या महिन्यात जत्रेला दशावतार पाहिला होता. राणी शोक करत होती – मिशी नुकतीच भादरलेली, मनगटावर घड्याळ! मी पोट धरून हसलो. राणीला घड्याळ कुठून, असं विचारलं का? नाही. उलट घड्याळ दिसलं म्हणून जास्त हसलो. मग चंदनलाच वेगळा न्याय कसा?

चुका मी कधी मोजतो, हेही आज तपासलं. कंटाळा आला की मोजतो. हसत असताना कोण वेळापत्रक काढून बसतं? गाडी अर्ध्या तासात फोंड्याला पोचली, ते मला घरी आल्यावर आठवलं. म्हणजे थेटरात तरी सगळं पटलं होतं.

पण मग काहीही चालतं म्हणायचं? तसं असेल तर माझं काम काय? पुढच्या बुधवारी काय लिहू – हसलो, बरं वाटलं, कळावे?

आणि कौलाचं तसं नाही. तिथे हसल्यावर लगेच भीती वाटली, ती थेटरातच. आमचं लग्नसुद्धा कौलानेच ठरलं. सीतेच्या गावच्या देवळात, फोंड्याजवळ. मी तेव्हा कंडक्टर. सीतेचे वडील नाराज होते, पण उजवा कौल झाला आणि सगळे गप्प! दर वर्षी तिथे नारळ ठेवतो. त्या गोष्टीची थट्टा मला सोसत नाही. हे खरं कारण. ‘पटत नाही’ हे पुढे केलेलं कारण. लिहिताना लाज वाटते.

१८ जानेवारी, शनिवार

गुरुदासना फोन केला. दुसरा लेख देतो म्हटलं. ते म्हणाले, “देवा की, पण बुधवारीच जाईल. आणि काय लिहिणार? अशक्य ते शक्य कसं झालं?”

फोन ठेवला. आमच्या एस.टी.च्या निवृत्त मंडळींचा ग्रुप आहे, दोनशेच्या वर माणसं, निम्मी कणकवलीच्या आसपासची. तिथे काही टाकावं का? ‘जाऊन बघा’ लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. दोनशे जण विचारतील – बुधवारी अशक्य होतं ना रे?

सीता अजून मोजकंच बोलते. मला तिची भीती वाटायला लागली आहे.

१९ जानेवारी, रविवार, पहाट

काल संध्याकाळी शेवटी मीच म्हटलं, सीता, पन्नास माणसांत एकाला तरी दिसलंच असतं गं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “चंदनाक ती गजाल मीच सांगितलंय. पंखो त्येचो. माज्या हातात ओटयेच्या तांदळाचां सूप होतां. डावी कळी हलाक लागली, तशी उजव्या अंगान एकदाच हलयलंय.”

का, एवढंच विचारलं.

“तुमी माज्या आवशीक हाताक धरून गाडयेतसून उतरयलात. तेवाच ठरयलंय मी.”

तिच्या आईला उतरवलेलं मला आठवतही नव्हतं. आणि मी तर देवळात तिच्यापासून चार हातांवर उभा होतो! मला कसं दिसलं नाही?

“तुमी घड्याळ बघित होतात. फोंड्याची शेवटची गाडी चुकतली म्हणान.”

आणि हसली. थेटरात हसली होती तशीच. मग मीही.

ग्रुपवर आता टाकलं – “नऊचा खेळ चुकवू नका. कौलाचं दृश्य शक्य आहे. मी स्वतः तिथे हजर होतो.”

सीता साडी नेसते आहे. साडेसहाची कणकवली गाडी गाठायची आहे. आज घड्याळ घरीच ठेवतो.