नळाजवळचा दगड

४ फेब्रुवारी, मंगळवार

फरशीवाला मिस्त्री अंगणात दोन नमुने ठेवून गेला. एक पोर्सलीनच्या फरशीचा, एक सँडस्टोनचा. म्हणाला, आठवडाभर पडू द्यात इथंच, ऊन लागू दे, धूळ लागू दे, मग बोला. पोर्सलीन करडी, सपाट, सुरीनं कापल्यासारखी. सँडस्टोन पिवळट, अंगावर लाटा असलेला. आमचं जुनं अंगण आहे तसलाच.

दादाचं आधीच ठरलंय – पोर्सलीन. शेवाळ धरत नाही, डाग धरत नाही, फडकं मारलं की झालं. ज्या दगडानं आईला पाडलं तो दगड या घरात नको, म्हणाला.

मीपण पोर्सलीनच म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. दादा बघत राहिला. आमचं दोघांचं एकमत झालं, जन्मात पहिल्यांदा!

का, ते फक्त इथं लिहिते. दगडानं नाही पाडलं. मी पाडलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

नीट लिहूनच टाकते. डिसेंबरात गणितात दुसऱ्यांदा उडाले. दादानं मित्रांसमोर मला 'दोनदा नापास' अशी हाक मारली. सगळे फिदीफिदी हसले. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी घेतली आणि नळाजवळच्या दगडावर ओतली. दादा रोज तिथं गाणी म्हणत तोंड धुतो. बुड आपटून बसला असता, एवढंच हवं होतं. मी खिडकीत हसायला तयार बसलेले.

आई आली. बादली घेऊन.

मी ओरडायला तोंड उघडलं. नुसतं उघडंच राहिलं.

सगळे तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि मी दगड साबणानं घासला. आईचा घोटा मोडलेला, आणि मी पहिलं काम हे केलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लास्टर निघून दोन आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात हाड छान जुळलंय, वॉकर सोडा, चाला. आई उंबऱ्यापर्यंत येते. थांबते. परत फिरते. मशीनवर चादर टाकलीय. गिऱ्हाइकांना सांगते, दुसरीकडे शिवून घ्या.

आज शेजारच्या काकूंना सांगत होती. दगडाचं निमित्त हो, माझ्या पायाचाच भरवसा राहिला नाही आता. वीस वर्षं त्याच दगडावरून न बघता चालले, मग त्याच दिवशी कशी पडले?

दगडाला शिव्या बसतात त्याचं मला काही नाही. दगडच तो. पण पायाला?

९ फेब्रुवारी, रविवार

आई म्हणाली, हल्ली घर मुकं झालंय, कुणाची चप्पल हरवत नाही.

प्रत्येकाच्या जोडातली एकच लपवायची, ही माझी जुनी खोडी. दादा एकदा एका पायात बूट, एका पायात स्लीपर घालून कामावर गेला होता. डिसेंबरपासून एकही लपवली नाही. म्हटलं, मोठी झाले मी. तर आई म्हणते, एवढी कसली घाई होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्री आला. आईला दारात खुर्ची टाकून दिली. मिस्त्रीनं पेलाभर पाणी घेतलं आणि चमच्यानं नमुन्यांवर टाकलं. पोर्सलीनवर पाणी तसंच उभं. सँडस्टोननं गटकन पिऊन टाकलं. म्हणाला, हा पितो म्हणून पाय धरतो, पण मग जे सांडाल तेही पितो. ती काही घेत नाही, काही ठेवत नाही. घर तुमचं, तुम्ही ठरवा.

दादानं विचारलं, आमचे जुने कसे आहेत? मिस्त्री एकेका दगडावर चमचा चमचा टाकत निघाला. सगळे पीत होते. मी मनात दगड मोजत होते. नळापाशी पोचला. पाण्याचा गोळा झाला आणि दगडावर बसून राहिला.

मिस्त्रीनं बोट फिरवलं, हुंगलं. "तेल मुरलंय इथं. बाई पडल्या तो हाच ना?"

मग दादाच बोलला, "माझी स्कूटर इथं लावायचो मी. गळत असेल." त्याचा चेहरा पांढराफटक. "म्हणजे माझ्यामुळं पडली आई."

मी गप्प. मी!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दादानं स्कूटर मित्राकडं नेऊन टाकली. चालत कामावर गेला. जेवला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं.

दुपारी आई जुन्या झग्याची शिवण उसवत बसलेली. दादाला पण बोलावलं, कारण दोनदा सांगायला जमलं नसतं. कुपी, दगड, खिडकी, साबण – सगळं. दादा उठला. वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं होतं. तो नुसता बाहेर गेला.

आईनं आणखी दोन टाके उसवले. मग म्हणाली, "म्हणजे माझा पाय नीटच पडला होता."

"हो."

"पायाचा दोष नव्हता."

"नाही गं आई."

तिनं पायाकडं बघितलं. कितीतरी वेळ. एखाद्यावर उगाच आळ घेतल्यावर बघतात तसं. मग म्हणाली, "जा आता इथून."

१६ फेब्रुवारी, रविवार

आई बोलत नाही. दादा स्कूटर घेऊन आला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अजून बोलत नाही.

मिस्त्री विचारायला आला, काय ठरलं. मी काही बोलले नाही. मला कुठला हक्क. दादानं आईकडं बघितलं. आईनं आतूनच विचारलं, तेलाचा तो दगड स्वच्छ होईल का? मिस्त्री म्हणाला, खडूची पूड कालवून लेप देतो, चार-पाच वेळा द्यावा लागेल. चिकटपणा जाईल, घसरणार नाही. पण डाग थोडा राहणारच. नाहीतर उलटा करून बसवतो, खालची बाजू कोरी असते.

आई म्हणाली, "उलटा नको. दिसू दे."

भेगाळलेले तेवढे दोन बदलायचे, सँडस्टोनच घालायचा. पोर्सलीनचा नमुना मिस्त्री काखेत मारून घेऊन गेला. लेप मी मागून घेतला. कालवून देऊन गेलाय. पहिला हात दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौथा लेप खरवडला. पाणी टाकून बघितलं. सावकाश, पण प्यायला! डाग आहेच, तळहाताएवढा. आई दारातून बघत होती. बोलली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी उठले तर माझी एकच चप्पल. सगळं घर पालथं घातलं. सापडली – नळाजवळच्या दगडावर, बरोबर डागावर ठेवलेली.

दादा घोरत होता. वॉकर आईच्या खाटेशीच, जागचा हललेला नव्हता.